मूल अभ्यासात मागे पडतंय? आधी नेमकं अडलंय कुठे ते बघा

तिसरी-चौथीतलं मूल मागे पडतंय असं बाईंनी सांगितलं की आपण लगेच शिकवणी शोधायला लागतो. थोडं थांबा. शिकवणीतही चौथीचंच पुस्तक उघडणार, आणि मुलाची गाडी बरेचदा दुसरीतच अडलेली असते.

पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतच नसेल, तर बाकी सगळे उपाय फुकट.

मग दुसरीच्या पुस्तकातला एखादा न वाचलेला उतारा वाचायला द्या. जमला नाही तर पहिलीच्या चार ओळी, तेही नाही तर सुटे शब्द, मग नुसती अक्षरं. मध्ये टोकू नका, कागदावर टिपून ठेवा. 'कमळ', 'घर' सरळ वाचतंय आणि 'रस्ता', 'सूर्य' आलं की थबकतंय, तर त्याला वाचता येत नाही असं नाही, जोडाक्षरं राहिली आहेत. 'सूर्य'मध्ये र आधी उच्चारायचा, पण रफार य च्या डोक्यावर! गोंधळ होणारच. रोज एकच जोडाक्षर घ्या: रस्ता, पुस्तक, मस्त, दोस्त.

गणितात उत्तरापेक्षा रीत विचारा. माझ्याकडे येणारी चौथीतली एक मुलगी ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहायची. कसं केलंस विचारलं, तर म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले." तिने तिच्या परीने विचार केला होता. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून तिच्यापुढे ठेवले, शेजारी दोन सुट्या काड्या. म्हटलं, आता मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे दिले, मग अडली. बराच वेळ बघत बसली आणि एकाचं रबर आपणहून काढलं. हातचा घेणं तिला तिथे कळलं. पुढे आठवडाभर काड्या, नंतरच वही.

चौसष्ट सांगितल्यावर ४६ लिहिणारं मूलही निष्काळजी नसतं. आपल्या भाषेत चार आधी ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात संख्या 'साठ चार' अशाही वाचायला दिल्या. त्यावरून वाद झाला, पण अडलेल्या मुलाला त्याचा आधार होतो.

हे सगळं रोज वीस मिनिटंच. जमलेल्या गोष्टीवर थांबा. चुलत-मावस भावंडांचे मार्क त्या वेळात नकोत.

बाईंना भेटताना टिपलेला कागद सोबत न्या. "अभ्यासात कसा आहे?" याला त्या काय सांगणार? "जोडाक्षरं अडतात, वर्गात काय करता येईल?" असं विचारलं की बोलणं पुढे सरकतं.

दोन-तीन महिने नेमाने करूनही अक्षरं उलटीच पडत असतील, तोंडी सगळं येऊन लिहिताना अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित मुळातच जड जातंय का याची, तपासणी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तिथे नेताना मुलाला एवढंच सांगा: "डोळे तपासले ना, तसं आता तुला वाचायला कुठे जड जातं ते बघणार आहेत. मी बाहेरच बसलेय."