दूध पचत नसेल तर ताटात काय वाढावं

दूध प्यायल्यावर अर्ध्या-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, कळ येऊन पातळ शौचाला होते. हे वारंवार होत असेल तर बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्यात तयार होतं आणि बाळपण सरल्यावर अनेकांमध्ये ते आपोआप कमी होतं. न पचलेलं लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्याचा गॅस होतो, आणि आतड्यात पाणी ओढलं गेल्यामुळे जुलाब होतात. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप असेल तर मात्र घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा.

बहुतेक घरांत त्यानंतर एक चूक होते: दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळं एकदम बंद. शाकाहारी माणसासाठी हे घातक आहे, कारण कॅल्शियमचा मोठा वाटा आणि बी-12 जवळपास सगळंच दुग्धजन्य पदार्थांतून येतं. खरं तर दूध सोडायचं नसतं, लॅक्टोज कमी करायचं असतं.

आधी आपलं माप शोधा. 2 आठवडे लॅक्टोज पूर्ण टाळा. पोट शांत झालं की जेवणासोबत पाव कप दूध घ्या आणि 2-3 दिवस तेवढंच ठेवा. त्रास नसेल तर अर्धा कप, मग एक कप. रिकाम्या पोटी घेऊ नका. पोळी-भाजीबरोबर घेतलेलं दूध आतड्यात हळूहळू उतरतं. एका कपात, म्हणजे 250 मिलीमध्ये, साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं आणि एवढं जेवणासोबत अनेकांना पचतं. चहात जेमतेम 50 मिली दूध जातं, म्हणून चहा सहसा बाधत नाही.

काय चालतं, काय नाही

साजूक तुपात लॅक्टोज नावालाच उरतं, ते बिनधास्त वाढा. दही लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग संपवतात, आणि दह्यातले जिवंत जिवाणू पोटात गेल्यावरही उरलेलं फोडायला मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही सोसतं. एक भाग दही, तीन भाग पाणी घालून घुसळलेलं ताक तर आणखी हलकं. कढी मात्र उकळते, जिवाणू मरतात. ताक सोसणाऱ्यालाही वाटीभर कढी जड जाऊ शकते.

चक्का चांगला, कारण बांधून ठेवलेल्या दह्यातलं लॅक्टोज निवळीबरोबर गळून जातं. पनीरचंही तसंच. पण पनीरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात कणीक भिजवायची सवय असेल तर ती सोडा. पनीरमधून निघालेलं लॅक्टोज त्याच पाण्यात असतं, आणि पोळीतून ते परत पोटात जातं.

पेढा, बर्फी, गुलाबजाम यांपासून सांभाळून राहा. खवा म्हणजे आटून साधारण पाचव्या भागावर आलेलं दूध, लॅक्टोजही तितकंच दाटलेलं. दूध पावडरीचं तर विचारूच नका. बिस्किटं, पाव, सूपची पाकिटं, चिप्सचा मसाला यांच्या वेष्टनावर दूध घन, दूध पावडर, व्हे पावडर शोधा.

बाजारातलं लॅक्टोज-फ्री दूध हे खरं दूधच असतं. त्यात लॅक्टेज मिसळून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागतं. खिरीत साखर कमी घाला. आटवताना ते लवकर लालसर होतं, आच मंद ठेवा. मधुमेह असेल तर ते साखरमुक्त समजू नका. आणि ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याला हे दूध अजिबात देऊ नका; ॲलर्जी प्रथिनांची असते, साखरेची नव्हे.

शेंगदाण्याचं दही

कोशिंबिरीला, दहीभाताला हे छान लागतं. 1 वाटी कच्चे शेंगदाणे 8 तास भिजवा, चोळून सालं काढा. 1 वाटी पाण्यात गंधासारखे बारीक वाटा, आणखी 2 वाट्या पाणी घालून सुती फडक्यातून पिळून घ्या. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा, मग 5 मिनिटं शिजू द्या. हात थांबला की तळाला लागतं, आणि कमी शिजलं तर कच्चा वास राहतो. बोट सहज ठेवता येईल इतकं कोमट झालं की 2 चमचे दह्याचं विरजण लावा आणि 6-8 तास हलवू नका. खाली पाणी सुटलं तर दूध पातळ झालं होतं किंवा दही जास्त वेळ उबेत राहिलं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, हे लवकर आंबतं.

यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम फारसं नाही. नारळाच्या दुधातही कॅल्शियम फारसं नसतं. सोलकढी प्या, पण तिला दुधाची जागा देऊ नका.

कॅल्शियम कुठून आणायचं

प्रौढाला रोज 1000 मिलीग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350 मिलीग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तिसरा हिस्सा झाला. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर त्यातलं कॅल्शियम जास्त अंगी लागतं. न सोललेल्या तिळाची चटणी रोज चमचाभर, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. मासे खाणाऱ्यांनी मांदेलीसारखे काट्यासकट चावून खाता येणारे छोटे मासे घ्यावेत. दुधाचे सगळेच पदार्थ बंद असतील आणि अंडी-मासेही नसतील, तर बी-12 तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा.

लग्नाकार्यात बासुंदी टाळवत नसेल तर औषधांच्या दुकानात लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. पोट दुखू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही.