पिवळं कार्ड आणि एक आकडा

मिशनच्या कामासाठी दोन वर्षं युगांडाला जायचं, म्हणून पिवळ्या तापाची लस आधीच टोचून घेतली. लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागू होतं टोचल्यापासून 10 दिवसांनी. नागपूरच्या सदर भागातल्या घरी बॅग भरताना बघतो तर काय, कार्डावरच्या पासपोर्ट नंबरात 3 चा 8! मोठा भाऊ म्हणाला, "पेनानं गिरवून टाक नं बे." त्याच्या हातून पेन काढून घेतला. खाडाखोड दिसली की कार्ड बाद ठरू शकतं. पासपोर्ट घेऊन लसीकरण केंद्रावर गेलो, दोन तास बसलो (मे महिना, पंखा बंद) आणि नवीन कार्ड आणलं. तारीख मात्र लस घेतली तीच टाकायला लावली, नाहीतर 10 दिवस पुन्हा मोजा! आता ते जन्मभर चालेल. 2016 पासून दर 10 वर्षांनी पुन्हा टोचायची अट गेली. स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेब 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांना ही कटकट नव्हती.