आयर्टन सेनाची आठवण कशी जागवावी

१ मे जवळ आला की ब्राझीलचा फॉर्म्युला वन शर्यतचालक आयर्टन सेना याचे अनेक चाहते इटलीतील इमोला येथे झालेल्या त्याच्या जीवघेण्या अपघाताची चित्रफीत पुन्हा लावतात. माझी कळकळीची विनंती आहे की आठवणीची सुरुवात तिथून करू नये. इमोलाच्या ट्रॅकवर झालेल्या १९९४ च्या सान मारिनो ग्रां प्री शर्यतीत, सातव्या फेरीत, तांबुरेल्लोच्या वळणावर त्याची विल्यम्स गाडी भिंतीवर आदळली तेव्हा तो अवघा ३४ वर्षांचा होता. तीन विश्वविजेतेपदे, ४१ विजय आणि ६५ पोल पोझिशन (शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान) त्याच्या नावावर होत्या. एवढे ध्यानात घेऊन ती फीत बाजूला ठेवावी, कारण त्या काही सेकंदांत त्याची कला दिसतच नाही.

ती पावसात दिसते. म्हणून आधी १९८४ ची मोनॅकोची शर्यत पाहावी. त्याच्या टोलमन संघाची गाडी आघाडीच्या संघांच्या तुलनेत दुबळी होती आणि सेनाने तेराव्या स्थानावरून सुरुवात केली होती. तरीही मुसळधार पावसामुळे ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवण्यात आली तेव्हा तो दुसरा होता आणि पहिल्या स्थानावरच्या अ‍ॅलेन प्रोस्ट या चालकाला झपाट्याने गाठत होता.

त्यानंतर १९९३ ची इंग्लंडमधील डॉनिंग्टनची शर्यत घ्यावी, आणि तिची केवळ पहिली फेरी तीनदा पाहावी. पहिल्यांदा नुसत्या गाड्या मोजाव्यात: सुरुवातीलाच पाचव्या स्थानावर ढकलला गेलेला सेना शूमाखर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट यांना मागे टाकून फेरी संपायच्या आत पहिला येतो. दुसऱ्यांदा नजर फक्त त्याच्या चाकांवर ठेवावी. कोरड्या दिवशी ज्या रेषेवरून सगळे जातात तिथे रबराचा थर बसलेला असतो आणि भिजल्यावर तीच जागा निसरडी होते, हे ठाऊक असले की वेंडलिंगरला बाहेरच्या बाजूने ओलांडण्यामागचे धाडस उमगते. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकावे. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून न धरता तो भराभर टिचक्या मारल्यासारखा दाबण्याची त्याची सवय होती. इंजिनाचा तो तुटक, थरथरता आवाज एकदा ओळखता आला की त्याची गाडी न पाहताही कळू लागते.

१९९१ ची ब्राझीलमधील इंटरलागोसची शर्यतही जरूर पाहावी. अखेरच्या फेऱ्यांत एकामागून एक गिअर गेल्यावर सहाव्यातच गाडी हाकून त्याने मायदेशी पहिला विजय मिळवला, आणि नंतर चषक उचलतानाही त्याचे हात साथ देत नव्हते.

त्याचे दोष झाकू नयेत. १९९० मध्ये सुझुका येथे त्याने प्रोस्टला दिलेली धडक जाणीवपूर्वक होती, हे त्याने पुढच्या वर्षी स्वतःच सांगितले. मात्र १९९२ मध्ये स्पा येथे सरावाच्या वेळी, अपघातात बेशुद्ध पडलेल्या एरिक कोमास या चालकाच्या मदतीसाठी आपली गाडी थांबवून ट्रॅकवरून धावत गेलेला आणि कोमासच्या गाडीचे इंजिन बंद करणारा माणूसही हाच होता.

शेवटची गोष्ट तारखेची. स्मरण एक दिवस आधी, ३० एप्रिलला सुरू करावे. त्या दिवशी इमोलालाच पात्रता फेरीत ऑस्ट्रियाचा चालक रोलंड रात्सेनबर्गर मृत्युमुखी पडला होता. दुसऱ्या दिवशी सेनाच्या मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा एक ध्वज सापडला. शर्यतीनंतर तो रात्सेनबर्गरसाठी फडकवायचा होता.