चित्राची पाठ आधी बघा: घरातल्या कलासंग्रहाची राखण

संग्रहाची काळजी म्हटलं की आधी कुलूप आणि कॅमेरा आठवतो. चोरी होते, पण घराघरांतली चित्रं खराब होतात ती बहुतेक वेळा ओल, ऊन, किडे आणि कच्च्या हुकामुळे. यातलं बरंचसं नुकसान पुढून दिसायच्या आधी मागून दिसतं. म्हणून सुरुवात चित्राच्या पाठीपासून करा.

चित्र भिंतीवरून उतरवा. काच असेल तर जाड, स्वच्छ चादरीवर पालथं ठेवा. काच नसेल तर दुसऱ्या माणसाला उभं धरायला सांगा. रंगाचा थर कशालाही टेकता कामा नये. आता बॅटरी तिरपी धरून मागे बघा: गंजलेला हुक, सैल तार, पाण्याचे तपकिरी ओघळ, बुरशीचा वास, चौकटीतली बारीक गोल भोकं. भोकं एक-दोन मिलिमीटरची असतील तर ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची बाहेर पडण्याची वाट आहे. पण किडा केव्हाच निघून गेलेलाही असू शकतो. खात्री करायला चौकटीखाली काळा कागद ठेवा, चित्र हलवू नका आणि आठवडाभराने बघा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर किडा आत आहे असं समजून चाला. असं चित्र जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद करून इतरांपासून लांब ठेवा आणि चित्रसंवर्धकाला बोलवा. कीटकनाशक फवारू नका, त्यातल्या द्रावकाने वार्निश आणि रंग मऊ पडतात. डांबराच्या गोळ्याही नकोत.

लोकरीचं किंवा सुती विणकाम असेल तर उपाय घरी जमतो. पॉलिथिनमध्ये गुंडाळून हवा काढा, टेप लावा, उणे १८ ते उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कापडावर हवेतलं पाणी जमतं. कॅनव्हासवरच्या किंवा फळीवरच्या रंगीत चित्राला हा उपाय कधीच करू नका: थंडीत रंगाचा थर ठिसूळ होतो आणि तडकतो.

कागदावरच्या चित्रांचा शत्रू बहुतेक वेळा त्यांचीच फ्रेम असते. स्वस्त माउंटमधलं (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यातलं) आम्ल कागदात उतरतं आणि कडेने तपकिरी पट्टा पडतो. आम्लमुक्त किंवा सुती लगद्याचा माउंट मागून घ्या आणि कागदाच्या वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा, बाकीचा कागद मोकळा सोडा. खळ पाण्याने सुटते. सेलोटेपचा गोंद मात्र वर्षांनुवर्षं कागदात मुरत जातो आणि डाग जात नाही. काच कागदाला चिकटून नको, मध्ये तीन-चार मिलिमीटर जागा ठेवा, नाहीतर दमट दिवसांत चित्र काचेला धरतं. पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना काचेऐवजी साधं अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) लावू नका, त्याच्या स्थिर विजेने रंगाची पूड ओढली जाते.

हवेची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम. ६५ च्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) चित्रांजवळ ठेवा आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. आकडा थोडा जास्त पण स्थिर असेल तर चालतं. एका दिवसात वीस टक्क्यांची चढउतार जास्त घातक, कारण कॅनव्हास, लाकूड आणि रंग वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आकसतात आणि शेवटी रंगाचे पोपडे सुटतात. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे म्हणूनच वाईट. बाहेरच्या भिंतीवर टांगायचंच असेल तर चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. न्हाणीघराची सामाईक भिंत टाळाच.

उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. जलरंग, छापचित्र, कापड यांना ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे, तैलचित्राला साधारण २०० लक्स. नुकसान साठत जातं: १०० लक्समध्ये पाच तास म्हणजे ५० लक्समध्ये दहा तास. त्यामुळे खोलीत कोणी नसताना पडदे ओढणं हा सर्वांत सोपा बचाव. नाजूक कागद तीन-चार महिने भिंतीवर, मग अंधाऱ्या कपाटात, असा फेरा ठेवा.

टांगताना एक खिळा पुरत नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना डी-रिंग (तार ओवायच्या D आकाराच्या कड्या), भिंतीत प्लग ठोकून दोन स्क्रू आणि चित्राच्या किमान चौपट वजन पेलणारी तार. उचलताना चौकटीची वरची पट्टी धरू नका, जुने सांधे तिथेच सुटतात. एक हात खाली, एक बाजूला. गुंडाळताना बबल रॅपचे फुगे रंगाला लागू देऊ नका, उन्हात तापलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर त्यांचे गोल ठसे उठतात. धूळ फक्त मऊ केसांच्या ब्रशने झटका, तीही पोपडे नसतील तरच. बटाटा, कांदा, ओलं फडकं हे घरगुती उपाय चित्राचा घात करतात.

पाणी शिरलंच तर ४८ तासांच्या आत हालचाल करा, त्यानंतर बुरशी येते. आधी फोटो, मग चित्र उचला. भिजलेलं तैलचित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, पुसू नका. भिजलेला कागद टिपकागदावर पसरा आणि पंख्याचा झोत थेट त्यावर सोडू नका. काचेला चिकटलेलं चित्र ओढू नका, काच खाली ठेवून तसंच संवर्धकाकडे न्या. आगीसाठी संग्रहाजवळ पाण्याच्या बारीक तुषारांचं (वॉटर मिस्ट) अग्निशामक बरं, कारण कार्बन डायऑक्साइड लाकूड-कागदाच्या आगीवर नीट चालत नाही, आणि कोरड्या पावडरचा थर वेचून काढणं महाकठीण आणि तो धातू खातो.

सगळा संग्रह एकाच गोदामात ठेवू नका. २००४ मध्ये लंडनमध्ये कलाकृती सांभाळणाऱ्या मोमार्ट कंपनीच्या गोदामाच्या आगीत शंभराहून जास्त कलाकृती गेल्या. आग लागली होती शेजारच्या गाळ्यात.

आता नोंदी. प्रत्येक कलाकृतीचे पुढचा, मागचा, सही, लेबल, चौकटीचे कोपरे आणि प्रत्येक जुना ओरखडा असे फोटो हवेत. त्यासोबत माध्यम, चौकटीशिवायची मापं, विषय, काळ, कलाकार. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेलं ऑब्जेक्ट आयडी हे कलाकृतींच्या नोंदीचं आंतरराष्ट्रीय मानक नेमकं हेच मागतं, आणि इंटरपोलच्या आयडी-आर्ट अ‍ॅपमध्ये खासगी संग्रहाची यादी त्याच पद्धतीने करता येते. ओरखडे आवर्जून टिपा: एकाच छापाच्या पन्नास प्रतींमधली तुमची कोणती, हे चोरीनंतर तेच सांगतात. यादीची एक प्रत घराबाहेर ठेवा.

विम्यात ठरलेल्या मूल्याची पॉलिसी घ्या, बाजारभावाचा वाद नंतर नको. दुरुस्तीनंतर घटलेली किंमत भरून मिळते का आणि ने-आण करताना संरक्षण आहे का, हे लेखी विचारा. मूल्यांकन तीन ते पाच वर्षांनी नवं करा. किडे, बुरशी, हळूहळू उडालेला रंग यांना बहुतेक पॉलिसी वगळतात. त्यासाठी वर्षातून दोनदा, एकदा दमट दिवस संपल्यावर, चित्रं उतरवून पाठीमागे बघा आणि तारीख घालून फोटो यादीत जोडा.