राइडची बेल ‘आणि’वर कशी धरावी

राइड म्हणजे ड्रमसेटवरची मोठी झांज, आणि ‘एक आणि दोन आणि’ असं मोजताना दोन मात्रांच्या मधोमध येतो तो ‘आणि’, म्हणजेच ऑफबीट. साधा आठचा ठेका (चार मात्रांत आठ ठोके) ज्याला पाच मिनिटं न अडखळता धरता येतो, त्याच्यासाठी हे लिहितोय. तेवढं अजून येत नसेल तर आधी ते करा, बेल कुठं पळून जात नाही. स्टूल किती उंच ठेवायचं, काठी कुठं धरायची, हे इथे नाही. डावखुऱ्यांनी उजव्याचं डावं करून वाचावं.

कोल्हापुरात वीसेक वर्षं मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतोय. गणपतीचे दहा दिवस, मग लग्नसराई, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत राजारामपुरीतल्या एका खोलीत दोन-चार पोरं शिकायला येतात. येणारा प्रत्येकजण यूट्यूब बघून आलेला असतो आणि प्रत्येकाची तक्रार एकच: “सर, राइडवर जमतंय, पण बेल ऑफबीटला घेतली की सगळं विस्कटतंय.” विस्कटणारच. कारण त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की हात आणि पाय एकमेकांपासून ‘स्वतंत्र’ करा. आधी हात एकटा घोटा, मग पाय एकटा घोटा, मग दोन्ही जोडा. या सल्ल्यानं माझी दोन वर्षं खाल्ली.

आधी बेल वाजू दे

राइडच्या मधोमध जो घुमट असतो ती बेल. तिच्यावर काठीचं टोक मारलं तर बारीक ‘टिन’ येतो. घरी तो गोड वाटतो, पण स्टेजवर गिटार सुरू झाली की कुणाला ऐकू जात नाही. बेल वाजवायची काठीच्या खांद्यानं, म्हणजे टोकाकडं जिथून काठी निमुळती व्हायला लागते त्या भागानं. तिथून मारलं की भरीव ‘टँग’ येतो. राइड उंच आणि सपाट बांधली असेल तर खांदा बेलपर्यंत पोचतच नाही, आणि मग पोरं कोपर उचलून घाव घालतात. राइड जरा खाली घ्या, थोडी स्वतःकडं कलवा. पाठीवरून, म्हणजे बाकीच्या पसरट भागावरून, बेलवर जाताना कुलपात चावी फिरवावी तेवढंच मनगट फिरलं पाहिजे. कोपर जागेवर.

स्टँडच्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असते, ती आहे का बघा. तालमीच्या खोल्यांतून ती हमखास हरवलेली असते. मग लोखंडी दांडा झांजेचं भोक कुरतडत राहतो आणि काही महिन्यांत गोल भोक लांबट होतं. मोटारसायकलच्या पेट्रोलची नळी इंचभर कापून घातली तरी काम भागतं. वरचा नट आवळू नका. झांज झुलली पाहिजे.

राइड पितळेची असेल तर बेल परातीसारखी वाजणार, त्यात तुमचा दोष नाही. चांगल्या झांजा कांशाच्या असतात. नेहमीचं प्रमाण म्हणजे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. पितळेत कथलाच्या जागी जस्त येतं आणि आवाजातला झंकार जातो. शिकायला मात्र पितळ चालतं. कानात बोळे घाला. बंद खोलीत बेल फार टोचते.

सोपे दोन टप्पे

बेल एक-दोन-तीन-चारवर, किक (उजव्या पायाच्या पेडलनं वाजणारा बास ड्रम) एक आणि तीनवर, स्नेअर (डाव्या हाताचा ड्रम) दोन आणि चारवर. एक दिवस पुरतो.

मग मात्रेवर राइडची पाठ टोकानं, आणि ‘आणि’वर बेल खांद्यानं. टिक-टँग, टिक-टँग. चावीची हालचाल इथंच बसते. आठवडाभर करा. हात सतत आठ ठोके मारतोय, त्यामुळे इथं कुणी चुकत नाही. पोरांना वाटतं, झालं, आलं.

आता पाठ काढून टाका

आता फक्त ‘आणि’वर बेल वाजवायची. मात्रेवर उजवा हात रिकामा. लिहायला एक ओळ आहे, पण माझी खरी मोडतोड इथंच झाली.

एका रिसेप्शनला अंतरा सुरू झाला आणि मी झोकात बेल ‘आणि’वर घेतली. चार ओळी झकास गेल्या. पुढं एक छोटी फिल (ठेका सोडून मध्ये भरायचा तुकडा) मारून परत आलो, तर बेस गिटारवाला माझ्याकडं असा बघायला लागला की जणू त्याच्या ताटातला मटणाचा तुकडा मी उचललाय. मला काही कळेना, कारण मला सगळं बरोबर ऐकू येत होतं. झालं होतं असं की माझा कान बेललाच मात्रा समजायला लागला होता. बेल सगळ्यांत उंच, सगळ्यांत टोकदार. कानाला जे टोचतं त्यालाच तो ‘एक’ म्हणतो. फिलनंतर किक बेलला जाऊन चिकटली आणि माझा सगळा ठेका बाकीच्यांपेक्षा अर्धी मात्रा सरकला. गायक अनुभवी होता, त्यानं एक ओळ गिळली आणि मला सांभाळून घेतलं. जेवताना काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी पुस्तकी उपाय सगळे केले. उजवा हात एकटा अर्धा तास, पाय एकटा अर्धा तास. एकटे असताना दोघंही शहाणे, एकत्र आले की भांडण. शेवटी आमच्या गल्लीत भजनाला तबला धरणारे एक आबा होते, त्यांनी माझी ती खटपट दारातून बघितली आणि म्हणाले, “लेका, हात एकीकडं अन् पाय एकीकडं कशाला शिकतोयस? ‘धा’ वाजवताना आम्ही दोन हातांचा इचार करतो व्हय? ‘धा’ म्हणायचं, वाजतंय.”

तबला ज्यानं जवळून ऐकलाय त्याला हे नवीन नाही. दायावर ‘ता’, बायावर ‘गे’, आणि दोन्ही एकाच क्षणी पडले की त्याला ‘ता अधिक गे’ असं कुणी म्हणत नाही. त्याचं नाव ‘धा’. दोन हातांचं मिळून एक अक्षर. तबलजीचे हात स्वतंत्र नसतात, ते एकच वाक्य बोलत असतात. ड्रमवाल्याचंही तेच आहे. 1909 साली शिकागोत लुडविग बंधूंनी जलद चालणारं बास ड्रमचं पेडल काढलं. त्याआधी बँडमध्ये बऱ्याचदा बास ड्रमला एक माणूस आणि स्नेअरला दुसरा असायचा. आपल्याकडं हलगी, घुमकं आणि कैताळ आजही तिघं वाजवतात. त्या तिघांकडं एकदा नीट बघा. कुणी ‘स्वतंत्र’ नसतो. प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या हातावर असतो.

तेव्हा बेलला ‘ता’ म्हणा, किकला ‘गे’, दोन्ही एकदम आले की ‘धा’. स्नेअरला ‘क’, कोरडा आणि आखूड. कुणीच वाजवत नसेल ती जागा ‘ऽ’, तिथं तोंड गप्प. पहिला ठेका असा:

एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि
गे ता क ता गे ता क ता

यात ‘धा’ एकही नाही. सगळे आळीपाळीनं बोलतात, म्हणून हा त्यातल्या त्यात सोपा. दुसरा:

गे ता क धा गे ता क ता

दोननंतरच्या ‘आणि’वर किक येऊन बेलला भेटली. इथं पाय थांबायला बघतो, कारण हाताची सोबत सोडून ‘तीन’वर त्याला लगेच एकट्यानं पडायचं असतं. आणि तिसरा, ज्यानं मला रडवलं तो:

गे ता क धा ऽ धा क ता

‘तीन’वर हातही नाही, किकही नाही. सगळे घसरतात ते या खड्ड्यात. लागोपाठचे दोन ‘धा’ कानाला दोन मात्रांसारखे वाटतात आणि ठेका उलटतो.

म्हणून डावा पाय. हायहॅट (पेडलनं मिटणारी झांजांची जोडी) डाव्या पायानं चारही मात्रांवर बंद करत राहा: चिक, चिक, चिक, चिक. “डावा पाय सगळ्यात शेवटी आणा” असं जो सांगतो त्याचं ऐकू नका. उजवा हात मात्रा सोडून गेलाय, किकचा भरवसा नाही. मग मात्रा धरून कोण बसणार? डावा पाय पहिल्या दिवसापासून हवा. तिसऱ्या ठेक्यातल्या त्या ‘ऽ’वर तो एकटाच जागा असतो, आणि त्याच्या चिकवर कान ठेवला की खड्डा ओलांडता येतो. कान बेलवर ठेवायचा नाही. बेल लोकांनी ऐकायची, तुम्ही चिक ऐकायचा.

ड्रमवर बसण्याआधी बोल तोंडात बसले पाहिजेत. मी ते रंकाळा तलावावर केलं. सकाळी फेरी मारताना प्रत्येक पाऊल म्हणजे मात्रा, आणि दोन पावलांच्या मध्ये ‘ता’. पावलं म्हणजे तुमचा चिक. गे-ता-क-धा, गे-ता-क-ता. फिरायला आलेली मंडळी वळून बघतात, बघू देत. ज्या दिवशी बोलता बोलता पाऊल अडखळत नाही, त्या दिवशी ड्रमवर बसा, आणि वाजवतानाही बोल मोठ्यानं म्हणत राहा. पोरं इथं लाजतात. मनातल्या मनात म्हणतो म्हणतात. मनातल्या मनात म्हटलेला बोल हातामागं सरकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तोंडातनं निघालेला सरकला की लगेच ऐकू येतो.

क्लिक (मेट्रोनोम) मिनिटाला 80वर लावा. “जितकं हळू तितकं चांगलं” हेही मला पटत नाही. 50वर दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा पडते की तुम्ही बोल सोडून आकडे मोजायला लागता. 80वर वाक्य वाक्यासारखं ऐकू येतं. चुकलात तर थांबायचं, मधूनच पकडून पुढं रेटायचं नाही. रेटलेली चूकच पाठ होते. एका ठेक्याला मला साधारण दहा दिवस लागले, रोज वीस मिनिटं. तासभर बसून फायदा नाही. अर्ध्या तासानंतर खांदा वर चढतो आणि बेल ठणाणा करायला लागते. 120च्या पुढं मनगट आखडत असेल तर बोटांनी काठी परत उचलायला शिका, जोर लावू नका.

बसलं की नाही ते असं ओळखावं: ठेका चालू असताना उजवा हात एक आवर्तन पूर्ण थांबवा, बाकी सगळं चालू ठेवा, आणि पुढच्या आवर्तनात बेल परत घ्या. हात ‘आणि’वर परतला तर ठीक. ‘एक’वर पडला तर अजून रंकाळ्याला फेऱ्या बाकी आहेत. फिलनंतरही हीच तपासणी करा, कारण माझी गाडी तिथंच उलटली होती. मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळंच बरं वाटतं.

बारा मात्रांची बेल

‘आणि’ बसला की हा बारा मात्रांचा पॅटर्न करायचाच. पश्चिम आफ्रिकेत घाना-टोगोकडचे एव्हे लोक लोखंडी घंटेवर, गानकोगुईवर, तो वाजवतात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर तो क्यूबात गेला आणि तिथून ड्रमवाल्यांच्या राइडवर आला. बारा मात्रांत सात ठोके: 1, 3, 5, 6, 8, 10, 12. हे आकडे पाठ करू नका. पेटी समोर घ्या आणि पांढरी एकपासून (दोन काळ्यांच्या जोडीआधीची पांढरी) काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या क्रमानं मोजा. पांढरीवर बेल, काळीवर गप्प. सा रे ग म प ध नि जिथं जिथं पडतात, तिथं तिथं ठोका. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला हा पॅटर्न आधीपासून येतोय, फक्त त्याला माहीत नाही.

आता 1, 4, 7, 10वर किक. हायहॅटही तिथंच. बोल असे:

धा ऽ ता, गे ता ता, गे ता ऽ, धा ऽ ता

‘धा’ दोनच, सा आणि ध. काळी दोन आणि काळी तीनवर पाय एकटा पडतो, आणि सगळे तिथंच अडखळतात. ‘गे ता ता गे’ एवढाच तुकडा वेगळा काढून म्हणा, मग मागचं-पुढचं आपोआप जुळतं. स्नेअर सातव्या मात्रेवर, ‘गे’बरोबरच. पहिला आठवडा स्नेअर नको.

एकदा मी हा दादऱ्याच्या चालीवरच्या गाण्यात घुसवला होता. गायिकेनं माइक बाजूला धरून विचारलं, “दादा, मागं भांडी पडली काय?” तेव्हापासून मी तो साउंडचेकलाच वाजवतो.