लिनक्सवर लॅपटॉपचे वाय-फाय चालत नसेल, तर दोष कसा शोधावा

उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन लॅपटॉपवर नव्याने बसवल्यावर वाय-फायची यादी रिकामीच दिसली, की बहुतेक जण इंटरनेटवर सापडेल ती कमांड चालवून पाहू लागतात. त्यातून एखाद्याचे काम होतेही. पण अनेकदा एकाच वाय-फाय कार्डावर हक्क सांगणारे दोन ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) यंत्रात जमा होतात आणि मूळ दोष शोधणे आणखी कठीण होऊन बसते. वाय-फाय सुरू होण्यासाठी कार्ड यंत्राला दिसावे लागते, त्याचा रेडिओ बंद केलेला नसावा लागतो, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याचा ड्रायव्हर असावा लागतो आणि त्या ड्रायव्हरला कार्डाचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) सापडावे लागते. ही साखळी नेमकी कोठे तुटली आहे हे आधी पाहिले, तर उपाय बहुधा एकच आणि छोटा निघतो. म्हणून पुढील तपासणी दिलेल्या क्रमानेच करावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

तयारी

दुरुस्तीसाठीच इंटरनेट लागते, ही यातली खरी अडचण असते. लॅनची केबल उपलब्ध असल्यास ती जोडावी. नसल्यास अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या सेटिंगमधील यूएसबी टेथरिंग सुरू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. फोन स्वतः घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक फोन तेच इंटरनेट केबलवाटे पुढे देतात आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. या लेखात कमांडची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड द्यायच्या खिडकीत) ती लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.

रेडिओ बंद तर नाही ना

टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड द्यावी. उत्तरात प्रत्येक रेडिओपुढे 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड' अशा दोन ओळी येतात. सॉफ्ट ब्लॉक असल्यास 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' एवढ्याने तो निघतो. हार्ड ब्लॉक मात्र कमांडने निघत नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या कडेचे बटण, एफएन कळीसोबत दाबायची विमानाच्या चिन्हाची कळ किंवा बायोसमधील (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधील) वायरलेसचा पर्याय तपासावा. लिनोवोच्या काही आयडियापॅड मॉडेलांत असे बटणच नसते, तरीही 'आयडियापॅड_लॅपटॉप' या मॉड्यूलमुळे (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागामुळे) हार्ड ब्लॉक दाखवला जातो. तेथे 'सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप' ही कमांड देऊन मॉड्यूल तात्पुरते काढून पाहावे आणि फरक पडला तरच ते कायमचे बंद करावे.

कार्ड कोणते आहे

आता 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्यावी. यादी लांब येते. तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेली ओळ शोधावी. यूएसबीवर चालणारे वाय-फाय असेल तर 'एलएसयूएसबी' वापरावी. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १४ई४:४३६५. पहिला आकडा कंपनीचा आणि दुसरा चिपचा असतो. लॅपटॉपच्या खोक्यावरील मॉडेलपेक्षा ही जोडी अधिक विश्वासार्ह आहे, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे असू शकतात. उपाय शोधताना नेहमी ही जोडी घेऊनच शोधावे.

त्याच ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसते का, हे पाहावे. ती असेल तर ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतले आहे आणि दोष पुढे कोठेतरी आहे. ती नसेल तर ड्रायव्हर नाही, किंवा असूनही चालू होऊ शकलेला नाही. कार्डच यादीत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बायोसमधील पर्याय आणि कार्डाची जोडणी पाहावी. विंडोजही त्याच यंत्रात असेल, तर विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करून यंत्र पूर्ण बंद करावे, कारण त्या सोयीमुळे विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहू शकते.

फर्मवेअर मिळाले का

'सुडो डीमेसेज' (अक्षरे: डी, एम, ई, एस, जी) ही कमांड कर्नलने सुरू होताना केलेल्या नोंदी दाखवते. तिच्यात फर्मवेअर हा शब्द शोधावा. इंटेलच्या कार्डाबाबत 'आयडब्ल्यूएलवायफाय' या ड्रायव्हरच्या नावाने एक ओळ येते, जिच्यात एका फाइलचे नाव आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२' असे असते. उणे दोनचा अर्थ इतकाच, की ती फाइल डिस्कवर नाही. मात्र ड्रायव्हर नव्या आवृत्तीपासून जुन्याकडे एकेक फाइल मागत जातो, म्हणून अशा दोन-तीन ओळींनंतर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' दिसले तर काळजीचे कारण नाही. शेवटची ओळ वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

फर्मवेअर खरोखरच नसेल, तर उबुंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे एकच पॅकेज अद्ययावत करणे पुरते. डेबियनमध्ये ते कंपनीनिहाय विभागलेले आहे: 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' इंटेलसाठी, 'फर्मवेअर-रियलटेक' रियलटेकसाठी. मुक्त परवाना नसलेले फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी नसे. २०२२ मध्ये झालेल्या मतदानानंतर धोरण बदलले आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबतच मिळते. त्यामुळे डेबियन ११ च्या काळातील सल्ले आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

ब्रॉडकॉमची कार्डे

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, आणि तो आकड्यांच्या साम्यामुळे होतो. बीसीएम४३१२ (जोडी १४ई४:४३१५) हे कार्ड कर्नलमधील 'बी४३' या मुक्त ड्रायव्हरवर चालते. त्याला हवे असते ते फक्त फर्मवेअर, जे 'फर्मवेअर-बी४३-एलपीफाय-इन्स्टॉलर' ('एलपीफाय'ची अक्षरे: एल, पी, पी, एच, वाय) या पॅकेजने येते. हे फर्मवेअर वितरित करण्याची परवानगी नसल्याने पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवून घेते, म्हणूनच पॅकेज बसवताना जोडणी चालू असावी लागते. दुसरीकडे बीसीएम४३१४२ (जोडी १४ई४:४३६५) हे कार्ड 'बी४३'वर चालतच नाही. त्याला ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर 'डब्ल्यूएल' लागतो. उबुंटूत 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स', तर डेबियनमध्ये 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' हे त्याचे पॅकेज आहे. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमधून ते निवडता येते. 'बी४३'चे आणि 'डब्ल्यूएल'चे अशी दोन्ही पॅकेजे एकाच वेळी ठेवू नयेत. आधी एखादे चुकीचे बसवले असेल, तर ते पूर्ण काढून, यंत्र पुन्हा सुरू करून मगच योग्य ते बसवावे.

'डब्ल्यूएल'बाबत दुसरा अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे सही नसलेला कोड चालू न देणाऱ्या संरक्षणाचा, असतो. हा ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर तयार होतो, त्यामुळे त्यावर उबुंटू किंवा डेबियनची डिजिटल सही नसते. पॅकेज बसवताना उबुंटू एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे 'एनरोल मोक' (सहीची चावी यंत्रात नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. काही सेकंदांत कळ दाबली नाही, तर पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही. 'मॉडप्रोब' केल्यास चावी नाकारल्याचा संदेश येतो. सिक्युअर बूट चालू आहे की नाही हे 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' सांगते. सिक्युअर बूट सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण चावीची नोंदणी करणे पाच मिनिटांचे काम आहे आणि संरक्षण कायम राहते, म्हणून माझ्या मते तोच मार्ग धरावा.

नवा लॅपटॉप, जुने कर्नल

कार्ड नवे आणि पेनड्राइव्हवरील लिनक्स जुने असेल, तर ड्रायव्हर शोधून बसवण्यापेक्षा कर्नल नवे घ्यावे. इंटेलच्या एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा पुढचे लागते, मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ५.१२ आणि रियलटेकच्या आरटीएल८८५२एई ला ५.१६. उबुंटू २०.०४ मूळचे ५.४ कर्नल घेऊन आले होते, त्यात यांपैकी एकही नाही. कोणा अनोळखी व्यक्तीने ठेवलेला स्रोतकोड उतरवून ड्रायव्हर बांधणे हा शेवटचा पर्याय मानावा, कारण कर्नल बदलले की तो पुन्हा बांधावा लागतो. विंडोज एक्सपीच्या काळातील ड्रायव्हर वापरण्यासाठी असलेले 'एनडीआयएसरॅपर' आजच्या कार्डांसाठी विचारातच घेऊ नये.

जोडले जाते, पण टिकत नाही

येथे बहुधा ड्रायव्हर ठीक असतो आणि वीजबचत आड येते. उबुंटू आणि मिंटमध्ये 'ईटीसी' फोल्डरमधील नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरात 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' ही फाइल असते, तिच्यातील 'वायफाय.पॉवरसेव्ह' पुढील ३ च्या जागी २ लिहून नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करावा. सिग्नल राउटरच्या शेजारीही क्षीण असेल आणि कार्ड आरटीएल८७२३बीई असेल, तर ड्रायव्हर अँटेना नसलेल्या टोकाकडे ऐकत असण्याची शक्यता मोठी असते. 'ईटीसी'मधीलच 'मॉडप्रोब.डी' फोल्डरात एक 'कॉन्फ' फाइल करून तिच्यात 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२' ही ओळ लिहावी आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे; फरक न पडल्यास २ च्या जागी १ ठेवावा. फक्त आपलेच नेटवर्क दिसत नसेल, तर राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर आहे का हे तपासावे आणि 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ही कमांड द्यावी. यात शेवटची दोन अक्षरे मोठी असतात.

अद्ययावतीकरणानंतर वाय-फाय गेले असेल, तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचे कर्नल निवडावे. त्यावर चालत असेल, तर 'डीकेएमएस स्टेटस' (यंत्रावर तयार होणारे ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी बनले आहेत ते दाखवणारी कमांड) पाहून नव्या कर्नलचे हेडर पॅकेज (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवावे.

एवढे करूनही जमले नाही, तर कार्ड बदलणे हा स्वस्त आणि कायमचा उपाय आहे. मात्र खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डेच स्वीकारतो. आणि इंटेलची एएक्स२०१ किंवा एएक्स२११ ही कार्डे इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरसोबत चालतात, म्हणून एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे.