परग्रहवासी पृथ्वीवर येतात कशाला? विज्ञानकथा लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या विज्ञानकथा मी गेली बरीच वर्षं वाचते आहे. परग्रहवासीयांनी माणसांवर राज्य केल्याच्या कथा दरवर्षी येतात आणि बहुतेक एकाच जागी अडखळतात. यान छान, शस्त्रं छान, मुंबईवरचा हल्ला तर डोळ्यांसमोर उभा राहतो. पण ही मंडळी आली कशासाठी, हे एका शब्दात उरकलेलं असतं: 'संसाधनं'. नव्या लेखकांना हल्ल्याची घाई असते. कारणावर चार दिवस घालवायची तयारी नसते.

पाण्यासाठी येणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती माझ्या हातून छापली गेली आहे. कथेची भाषा सुरेख होती. यान शनीच्या कड्यांजवळून जातं त्याचंच वर्णन दीड पान होतं आणि मी त्यातला एक शब्दही कापला नाही. पुढे ते लोक अरबी समुद्र उपसायला लागतात. अंक आल्यावर महिन्याभरात नववीतल्या एका मुलीचं पोस्टकार्ड आलं. "शनीची कडी बहुतेक पाण्याच्या बर्फाचीच आहेत. यान तिथूनच गेलं. मग ते तिथेच का थांबले नाहीत?" मी लेखकाला फोन केला. त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तिचं बरोबरच होतं. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या थराखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या साधारण दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. शनीचा एन्सेलेडस तर पाण्याचे फवारे स्वतःच अवकाशात उडवतो. कॅसिनी यानाला ते २००५ मध्ये दिसले. पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, एन्सेलेडसवरून पाव किलोमीटरही लागत नाही. शिवाय लिटरभर पाणी प्रकाशाच्या एक दशांश वेगानं न्यायचं, तर त्याला तो वेग द्यायलाच विजेच्या बिलावरची सुमारे साडेबारा कोटी युनिट ऊर्जा हवी. एवढी ऊर्जा हाताशी असलेल्यांना पाण्याची टंचाई कशी पडेल?

तेव्हापासून प्रत्येक हस्तलिखिताच्या माथ्यावर मी हिरव्या पेनानं लिहिते: 'हे वाटेत कुठे मिळत नाही?' सोनं या प्रश्नातच गळतं. धातू लघुग्रहांवर आहेत आणि पृथ्वीचं बहुतेक सोनं तिच्या गाभ्यात बुडालेलं आहे. माणसं खायला येणं तर सोडूनच द्या. अमिनो आम्लांची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, डावखुरी आणि उजवी. आपली प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची असतात, ती त्यांना पचतीलच असं गृहीत धरू नका.

जमीन हवी की माणसं?

दुसरी चूक जास्त खोल आहे. ग्रह बळकावणं आणि माणसांवर राज्य करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक लेखक मधल्या पानांत एकावरून दुसऱ्यावर जातात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

जायफळ एके काळी फक्त बांदा बेटांवर पिकायचं. (आपलं सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे, ही बेटं इंडोनेशियात आहेत.) डच कंपनीनं १६२१ मध्ये ती जिंकली, तिथली बहुतेक माणसं मारली किंवा हाकलली आणि बागा राबवायला बाहेरून गुलाम आणले. त्यांना झाड हवं होतं, माणूस नव्हे. याउलट १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, मिळाली. तिथे हवा होता महसूल, आणि तो शेतकरी जगला तरच येतो. म्हणून मी लेखकाला विचारते: तुमची कथा बांदा आहे की बंगाल?

बंगाल असेल, तर माणूस जिवंत कशाला हवा ते सांगावं लागतं. मजुरी हे कारण टिकत नाही. अंगमेहनत करणारा माणूस दिवसभरात जेमतेम ७५ वॅटच्या दराने काम करतो. तारे ओलांडून येणाऱ्यांना त्याचं काय? आपलं संगीत, भाषा, ज्ञान हवं असेल तर ऐकून नेता येतं, राज्य करायची गरज नाही. धर्मप्रसार मात्र चालतो, त्याला जिवंत माणसं लागतातच.

मला सगळ्यात पटणारं कारण आपल्याच इतिहासात आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावानं तैनाती फौज स्वीकारली आणि इंग्रजांना न विचारता इतर सत्तांशी बोलणी न करण्याचं बंधन घेतलं. इंग्रजांशी वैर असलेले युरोपीय लोकही त्याला पदरी ठेवता येणार नव्हते. माणूसजात कुठल्या तरी तिसऱ्या सत्तेच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी कुणी इथे रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसून नजर ठेवणारा आपला प्रतिनिधी, नेमला तर? ही कथा माझ्याकडे अजून आलेली नाही. मी वाट पाहते आहे.

आणखी एक: 'आत्ताच का?' हे विसरू नका. पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन दुरून ओळखता येतो आणि तो अब्जावधी वर्षं आहे. आपले रेडिओ संदेश जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे. यातलं काय पाहून ते निघाले, ते ठरवा.

माझी सवय सांगते. कथा सुरू करण्याआधी, परग्रहावरच्या अधिकाऱ्यानं मोहिमेचा खर्च मंजूर व्हावा म्हणून वरिष्ठांना लिहिलेलं एक पानी पत्र लिहा. कंपनीच्या माणसांनाही लंडनला असे खुलासे पाठवावे लागत. हे पान कथेत घालायचं नाही. पण कथेबरोबर पाठवलंत, तर मी आधी तेच वाचेन.